कामगाराचा अपंगत्व-विमा : कोणाला, किती आणि कसा

(वसंत व्याख्यानमाला, धर्मापुरी येथे दिलेले व्याख्यान)



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, अशी रीत आहे. धर्मापुरीत तर केदारेश्वराच्या भिंतींवरील शिल्पांवरच चार संध्याकाळी सहज रंगतील. ते सोडून मी विमा आणि भरपाई असा रूक्ष विषय घेतला, याचे कारण या ऋतूतच आहे. दसरा उलटला की परळी, धारूर, केज, वडवणी या बाजूची खेडी निम्मी रिकामी होतात. चैत्र लागता लागता कारखान्यांचा पट्टा पडतो आणि माणसे गावी परततात. आज या मांडवात पुष्कळ जण असे आहेत की जे महिन्यापूर्वी सांगलीकडे, कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडावर होते. परतणाऱ्या ट्रॅक्टरांत भांडीकुंडी असतात, शेळ्या असतात, पोरे असतात आणि एखाद्या ट्रॅक्टरात पायाला प्लास्टर घातलेला माणूसही असतो. त्याची पुढे काय सोय, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न नवा नाही, आणि तो प्रथम विलायतेतल्या पंडितांनीच विचारला असेही नाही. जर्मनीत बिस्मार्कने कामगारांच्या अपघातविम्याचा कायदा केला तो १८८४ च्या जुलैमध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. त्या भरवणारे होते महात्मा फुले यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार ठरल्या तारखेपर्यंत मिळावा, या त्यातल्या मागण्या शाळेच्या पुस्तकांतूनही आलेल्या आहेत. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली आणि लोखंड्यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, ती मात्र आपण विसरलो. कामावर जबर दुखापत होऊन जो कामगार तात्पुरता निकामी होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तरतूद व्हावी, असे तिचे स्वरूप होते. तात्पुरते अपंगत्व आणि कायमचे अपंगत्व यांतला भेद, जो आजच्या कायद्याचा पाया आहे, तो या मंडळींनी परळच्या मैदानी सभांतून स्वतःच्या अक्कलहुशारीने मांडला होता.

सरकारने त्यातला पहिला तुकडा द्यायला एकोणचाळीस वर्षे लावली. १९२३ साली कामगार भरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. त्याच्या आधी हात तुटलेल्या मजुराला दिवाणी कोर्टात जाऊन मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागे. ज्याचा हात तुटला त्याने वकील करायचा, आणि ज्याचे यंत्र होते त्याने साक्षीदार पढवायचे, असा तो न्याय होता. १९२३ च्या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. चूक कोणाची, हा प्रश्न त्याने बहुतांशी बाजूला सारला. कामामुळे आणि काम चालू असता अपघात झाला ना, मग मालकाने भरपाई द्यावी. दारूच्या अमलाखाली अपघात झाला, किंवा सुरक्षिततेचा नियम मुद्दाम मोडला, असे काही अपवाद त्यात ठेवले. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही मालकाच्या उपयोगी पडत नाहीत.

भरपाई आणि विमा या दोन गोष्टींत मात्र गल्लत करू नये. भरपाई मालकाकडून वसूल करायची असते; तो सापडला पाहिजे, त्याच्याजवळ पैसे असले पाहिजेत आणि त्याने ते नाकारता कामा नयेत. विम्यात पैसे एका सामाईक निधीतून येतात आणि मालक बुडाला तरी पैसे बुडत नाहीत. भरपाई एकदाच, एकरकमी मिळते. विमा महिन्याच्या महिन्याला, जन्मभर मिळतो.

आपल्या देशात या विम्याचा आराखडा काढण्याचे काम मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. अडारकरांनी ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९ एप्रिल १९४८ रोजी कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आपण मराठवाड्याचे लोक त्या एप्रिलात निजामाच्या राज्यात होतो; १७ सप्टेंबर अजून उजाडायचा होता. प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. नागपूर आणि मुंबई १९५४ साली तिच्यात आले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले आहेत. कायद्याचे पुस्तक बदलले, कलमांचे आकडे बदलले, अधिकाऱ्यांची नावे बदलली. पण मी जो सांगाडा सांगणार आहे तो बव्हंशी तसाच उचलून घेतलेला आहे. आकडे जुन्या कायद्याखाली ठरलेले आहेत, हे लक्षात ठेवून ऐकावे.

राज्य कामगार विमा योजनेत दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेली आस्थापने येतात. कामगाराच्या वेतनाची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. अपंग कामगारासाठी ती २५,०००. जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर असा ठरला : मालकाचे शेकडा सव्वातीन आणि कामगाराचे शेकडा पाऊण, मिळून चार रुपये. परळीच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी ठेकेदाराच्या हाताखाली जी तरुण मुले आहेत, पेट्रोल पंपावर, खाजगी दवाखान्यात, मोठ्या दुकानात जी आहेत, त्यांनी आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर हे पाऊण टक्का कापले जाते की नाही ते आधी पाहावे. कापले जात असेल तर विमा क्रमांक मागून घ्यावा. तो मागणे म्हणजे मालकाशी भांडण नव्हे.

आता लाभ. साध्या आजारपणाच्या लाभासाठी अट आहे. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी पडलेली असावी लागते, आणि मग वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. अपंगत्वाच्या लाभाला मात्र अशी अट नाही. कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी पट्ट्यात हात गेला तरी तो पात्र आहे. एकही वर्गणी पडलेली नसली तरी पात्र आहे. ही गोष्ट मी दोनदा सांगतो, कारण 'तुझे अजून सहा महिने भरले नाहीत' असे सांगून माणसांना परत पाठवलेले ऐकिवात येते. मालकाने वर्गणी भरलीच नसेल तर? तरीही लाभ द्यायचा आणि तो मालकाकडून वसूल करायचा, असा अधिकार कायद्याने महामंडळाला दिलेला आहे. वर्गणी थकवणे हा मालकाचा अपराध; त्याची शिक्षा जखमी माणसाने का भोगावी?

तात्पुरत्या अपंगत्वात, म्हणजे अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस काम करता येत नसेल तर, जोवर ते अपंगत्व टिकेल तोवर वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. या काळात कामगाराला कामावरून काढता येत नाही. अपंगत्व कायमचे ठरले तर वैद्यकीय मंडळ मिळकतीची ताकद किती टक्के गेली ते ठरवते आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम जन्मभर मिळते. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर अपील आहे, आणि त्याच्याही वर कामगार विमा न्यायालय आहे. अपघात काम चालू असताना झाला असेल तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरायचे, उलट पुरावा द्यायचा तो दुसऱ्या बाजूने, अशी तरतूद आहे. २०१० साली घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही त्यात धरण्यात आला. आपल्याकडे पोरे मोटारसायकलवर पंधरा-वीस किलोमीटर जाऊन रात्रपाळी करतात. त्यांच्या घरच्यांना ही गोष्ट ठाऊक असली पाहिजे.

थोडा हिशेब करू. हिशेबाशिवाय विमा म्हणजे मिठाशिवाय भाकरी. तीस वर्षांचा एक कामगार आहे, पगार १५,०००, म्हणजे दिवसाला सुमारे ५०० रुपये. यंत्रात त्याचा अंगठा गेला. कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्याचे ३० टक्के धरलेले आहेत. विमा योजनेत त्याचा पूर्ण दर दिवसाला ४५० रुपये. त्याचे ३० टक्के म्हणजे १३५ रुपये रोज, तीस दिवसांच्या महिन्याला ४,०५० रुपये, जन्मभर. आता हाच कामगार विमा योजनेत नाही आणि त्याला भरपाईच्या कायद्याखाली जायचे आहे असे समजा. तेथे वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे असते. तीस वर्षे वयाला तो आकडा २०७.९८ आहे. नऊ हजार गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२० रुपये. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. तिचे ३० टक्के ५,६१,५४६ रुपये. व्याजाचा विचार बाजूला ठेवला तर विम्यातले ४,०५० रुपये साडेअकरा वर्षांत या रकमेला गाठतात आणि पुढे माणूस जगेल तोवर मिळत राहतात. शिवाय एकरकमी साडेपाच लाख घरात आले की काय होते ते मी तुम्हाला सांगायला नको. सावकार येतो, बहिणीचे लग्न निघते, कोणी तरी ट्रॅक्टर घ्यायचे सुचवतो, आणि दोन वर्षांनी अंगठाही नसतो आणि लाखही नसतात. म्हणून दरमहाचा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो.

परिशिष्टातल्या टक्क्यांविषयी एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. तर्जनी सबंध गेली तर १४ टक्के, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, सबंध पंजा ६० अशी ती यादी आहे. यादी वाचली की वाटते, माणसाच्या शरीराला कोणी तरी बाजारभाव लावला आहे. पण ते किमान धरायचे असतात. खरा प्रश्न असा असतो की हा माणूस जे काम करत होता ते त्याला आता करता येईल का? १९६८ साली ओरिसात एका चित्रपटगृहाच्या शोभेच्या कामावर असलेला एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचे म्हणणे, एकच हात गेला, तेव्हा अपंगत्व अंशतः समजावे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७५ च्या डिसेंबरात न्यायालयाने सांगितले की एका हाताने सुतारकाम होत नाही; तेव्हा सुतार म्हणून त्याची मिळकतीची ताकद पूर्ण गेली, त्याला शंभर टक्क्यांची भरपाई द्या. आणि ती देणे लागते अपघाताच्या तारखेपासून, निकालाच्या तारखेपासून नव्हे. आपण मनात सुताराच्या जागी ऊसतोड्याला बसवून पाहा. डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्या हाताने कोयता चालवायचा असतो. डावा पंजा गेला तर यादी ६० टक्के म्हणेल. फड काय म्हणेल?

जिल्हा रुग्णालयातून जे अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळते त्यावरचे टक्के आणि हे मिळकतक्षमतेचे टक्के एकच असतात असे मात्र समजू नये. प्रमाणपत्रावर ४० टक्के भरले की सवलती, अनुदाने यांची दारे उघडतात. ते जरूर काढावे. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांना मिळणारे दरमहाचे अनुदान दीड हजारावरून अडीच हजार करण्याचा निर्णय शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. पण ते साहाय्य आहे. विमा आणि भरपाई हा हक्क आहे. दोन्हींचे अर्ज वेगळे, दोन्हींच्या कचेऱ्या वेगळ्या.

येथवर ऐकून ऊसतोडीला जाणारे भाऊ म्हणत असतील, हे सगळे ठीक, पण यात आम्ही कोठे आहोत? आता त्याच ठिकाणी येतो.

१९४८ च्या कायद्याने कारखान्यांना विमा लागू करताना दोन शब्द घातले : 'हंगामी कारखान्यांखेरीज'. आणि हंगामी कारखाने कोणते, याची जी व्याख्या केली तिच्यात कापूस पिंजणे-दाबणे, भुईमूग फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, चहा यांच्या बरोबरीने साखर आणि गूळ यांचे नाव घातले. नव्या संहितेतही हंगामी कारखाना बाहेरच ठेवलेला आहे. म्हणजे मुंबईच्या गिरणीतल्या कामगाराला जे १९५४ साली मिळाले, ते साखर कारखान्याच्या गव्हाणीवर उभ्या असलेल्या माणसाला कायद्यानेच नाकारले. कारखान्याच्या कायम कामगाराला निदान भविष्यनिर्वाह निधी आहे, आणि १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत अशी तरतूद आहे की नोकरीत असता कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर एका महिन्याची वर्गणी पडलेली असली तरी निवृत्तिवेतन मिळते. दहा वर्षांच्या नोकरीची अट तेथे लागत नाही. फडावरचा माणूस मात्र कारखान्याच्या हजेरीपटावरच नसतो. त्याने उचल घेतलेली असते मुकादमाकडून. मुकादमाचा किंवा वाहतूकदाराचा करार असतो कारखान्याशी. ऊस कारखान्यात जातो, साखर कारखान्याची होते, पण तोडणारा कोणाचा, असे विचारले की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे.

त्यातही बाईची गत निराळी. नवराबायको मिळून एक 'कोयता'. उचल त्याच्या नावावर, हिशेब त्याच्या नावावर. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय घसरला आणि कंबर मोडली ती तिची, तर ती कामावर होती याचा कागद कोठून आणायचा? काही दुखणी तर अपघातातच बसत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. वर्षानुवर्षे ओझ्याखाली झिजलेल्या शरीराला अपघाताची तारीख नसते, आणि विम्याच्या अर्जात पहिला रकाना तारखेचा असतो.

तथापि भरपाईचा कायदा ऊसतोड्याला अगदीच परका नाही. १९२३ पासून त्यात एक कलम आहे : आपल्या धंद्याचे नेहमीचे काम कोणी ठेकेदाराकडून करवून घेत असेल, तर ठेकेदाराच्या मजुराला मूळ मालकानेच भरपाई द्यावी आणि मग हवी तर ती ठेकेदाराकडून वसूल करावी. ऊस तोडून आणणे हे साखरेच्या धंद्याचे नेहमीचे काम नव्हे, असे म्हणायला फार धीट वकील लागेल. धीट वकील मिळतात, हेही खरे. म्हणून पुरावा लागतो. दुसरे, मुकादमाने स्टँपपेपरवर 'अपघात झाल्यास माझी तक्रार नाही' असे लिहून घेतले असेल, तर भरपाईच्या बाबतीत तो कागद कायद्याने रद्दबातल आहे. तिसरे, मृत्यूची भरपाई, तसेच बाईला द्यायची एकरकमी भरपाई, परस्पर हातावर ठेवून भागत नाही. ती अधिकाऱ्याकडे भरावी लागते, असा नियम त्या कायद्याने घातला. चौथे, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचे : अपघात कोल्हापुरात झाला म्हणून दावा कोल्हापुरातच लावला पाहिजे असे नाही. १९९५ च्या दुरुस्तीने जखमी माणूस किंवा त्याचे वारस जेथे राहतात तेथेही दावा लावण्याची सोय झाली. दाव्याला मुदत दोन वर्षांची धरून चालावे. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

पुराव्याचे म्हणाल तर तो अपघाताच्या दिवशीच गोळा होतो, नंतर होत नाही. पहिल्या दवाखान्याच्या केसपेपरवर 'ऊसतोडीच्या कामावर असताना' हे शब्द लिहवून घ्यावेत. आपली माणसे घाबरून 'घरी पडलो' असे सांगतात आणि पुढचे सारे दार बंद होते. वाहन उलटले असेल, सर्पदंश झाला असेल, तर पोलिसांत नोंद आणि पंचनामा करावा. उसाच्या वजनाची पावती वाहनाच्या नावाने असते. तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. टोळीच्या यादीत नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव घातले आहे की नाही, हे उचल घेतानाच पाहावे.

विम्याच्या बाजूने सध्या हाताशी काय आहे? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मे २०१५ मध्ये सुरू झाली. हप्ता वर्षाला १२ रुपये होता, जून २०२२ पासून २० रुपये झाला. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यूला दोन लाख. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय, अथवा एक डोळा आणि एक हात वा पाय गेल्यास दोन लाख. एक डोळा किंवा एक हात वा पाय गेल्यास एक लाख. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते. त्या सुमारास बँकेच्या खात्यात वीस रुपये नसले की वर्षभराचे संरक्षण जाते. उन्हाळ्यात परतलेल्या माणसाने उचल फेडून खाते कोरडे केलेले असते आणि नेमके तेव्हाच हे वीस रुपये कापायचे असतात! नवरा आणि बायको, दोघांच्या खात्यांत ते राहतील असे पाहावे. नावावर तुकडाभर जमीन असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. खातेदार आणि घरातला आणखी एक जण तिच्यात येतो, रकमा एक आणि दोन लाख अशाच आहेत, आणि अर्ज महिन्याच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो.

या योजना चांगल्या आहेत, पण अंगठ्याला त्यांत जागा नाही. बोटे गेली, कंबर मोडली, गुडघा वाकेनासा झाला, या ऊसतोडीतल्या रोजच्या दुखापती. त्या 'एक हात' किंवा 'एक पाय' या मापात बसत नाहीत. एक लाख रुपये एकदाच घेऊन तीस वर्षांच्या माणसाने पुढची तीस वर्षे काढायची कशी, हा प्रश्न लोखंड्यांच्या अर्जात होता तेथेच राहतो.

मला येथे एक हिशेब तुमच्यापुढे ठेवायचा आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले आहे. त्यासाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागे दहा रुपये आणि तितकीच भर शासनाची, अशी योजना ठरली. म्हणजे टनाला वीस रुपये. राज्यात बऱ्या हंगामात दहा कोटी टनांच्या पुढे गाळप होते. हे दोनशे कोटी झाले. आता दुसरीकडे पाहा. जानेवारी २०२४ च्या तडजोडीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा दर २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला. राज्य कामगार विमा योजनेची वर्गणी वेतनाच्या चार टक्के आहे. ३६६ चे चार टक्के काढा : १४ रुपये ६४ पैसे. म्हणजे जे पैसे टनामागे ठरलेलेच आहेत, त्यांहून कमी पैशांत, तोडणाऱ्याच्या हातातला एक पैसाही न कापता, या विम्याची वर्गणी भागते. मुकादमाचे कमिशन, वाहतूक यांचे दर यात मी धरलेले नाहीत. पण वीस आणि साडेचौदा यांतले अंतर त्यासाठी बरेच आहे.

कोणी म्हणेल, हंगामी माणूस अटीत कसा बसणार? योजनेतला एक वर्गणी-काळ १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असा चालत आला आहे. हा तर आपला हंगामच झाला! त्या सहा महिन्यांत ७८ दिवस हवेत. फडावर त्याहून पुष्कळ अधिक भरतात. त्या वर्गणीवर आजारपणाचा लाभ मिळतो तो पुढच्या जुलै ते डिसेंबरात. अपंगत्वाला तर, मघाशी सांगितले तसे, दिवसांची अटच नाही. आणि कायदा आडवा येतो असेही म्हणता येणार नाही. असंघटित कामगारांसाठी राज्य विमा महामंडळामार्फत लाभ देणारी वेगळी योजना केंद्र सरकारला करता येईल, असे सामाजिक सुरक्षा संहितेच्या ४५ व्या कलमात म्हटले आहे. साखर कारखाना हंगामी म्हणून कुंपणाबाहेर राहिला, तरी तोडणारा या दारातून आत येऊ शकतो. दार मात्र आतून उघडावे लागते; त्याला अधिसूचना लागते, आणि अधिसूचनेला मागणी लागते.

१ मे रोजी ग्रामसभा असते. टोळ्या त्या वेळी गावात असतात आणि मुकादमही असतात. ठरावात तीन गोष्टी याव्यात असे मला वाटते : ४५ व्या कलमाखाली ऊसतोड कामगारांसाठी योजना करावी, टनामागच्या रकमेतून तिची वर्गणी भरावी, आणि यादीत कोयत्याची दोन्ही नावे वेगवेगळी लिहावीत. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे, साखर आयुक्तांकडे आणि आपल्या खासदारांकडे पाठवावी आणि पोचपावती जपून ठेवावी.

अध्यक्षांनी दिलेला वेळ संपत आला. कागद बरोबर आणले असतील त्यांनी पुढे यावे. प्रश्नांना अर्धा तास ठेवला आहे.